टर्मिनल आणि जमीन : मुंबईच्या विमानतळ-विस्ताराचा मागोवा

अहमदनगर-बीड-परळी या रेल्वेमार्गास १९९५ साली मंजुरी मिळाली आणि बीडपर्यंतची पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, धावली. पाटोदा तालुक्यातील अमळनेर (भांड्याचे) या गावाजवळून हा मार्ग जातो. बालाघाटाच्या पठारावरील ज्या तालुक्यात मांजरेचा उगम होतो व ज्यातील असंख्य कुटुंबे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात, त्या तालुक्यातून बीडची आगगाडी धावू लागली ती अशी तीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. त्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईसाठी दुसऱ्या विमानतळाची जागा शोधण्याकरिता केंद्र सरकारने समिती नेमली होती ती १९९७ साली. एक डोंगराळ व अवर्षणग्रस्त भागाचा रेल्वेमार्ग, दुसरा देशातील सर्वांत धनाढ्य नगरीचा विमानतळ. दोहोंस जवळजवळ सारखाच काळ लागावा ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. पैशाच्या बाबतीत दोन्ही प्रकल्पांत काहीच साम्य नव्हते. जमिनीच्या बाबतीत मात्र पुष्कळच होते.

रेल्वेचा इतिहास लिहिताना स्थानकाच्या इमारतीस कोणी रेल्वे समजत नाही. जमीन, भराव, पूल व रूळ यांचा विचार अगोदर होतो आणि स्थानक शेवटी येते. विमानतळाच्या बाबतीत हा विवेक बहुधा सुटतो. उतारूंची मुख्य इमारत, म्हणजे टर्मिनल, हीच जणू विमानतळ होय अशी समजूत वृत्तपत्रांतच नव्हे, तर पुष्कळदा नियोजनाच्या कागदपत्रांतही आढळते. मुंबईच्या गेल्या नव्वद वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता प्रत्येक नवे टर्मिनल योजले गेले ते मागील टर्मिनल अपुरे ठरल्यावर, आणि ते बांधले गेले ते धावपट्टीचा व जमिनीचा प्रश्न तसाच ठेवून, असे दिसून येते. त्याची कारणे कोणती, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रारंभ जुहूपासून करावा लागतो. तेथील विमानतळ १९२८ मधील. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते याच मैदानावर. मैदान म्हणावयाचे ते उन्हाळ्या-हिवाळ्यापुरते. पावसाळ्यात ती समुद्राकाठची जमीन चिखलाने भरून जाई आणि विमानसेवा पुण्यास हलवावी लागे. टर्मिनलचा प्रश्न त्या काळी उद्भवतच नव्हता, कारण टपालाच्या थैल्यांस प्रतीक्षागृह लागत नाही. जमीन कोरडी आहे की नाही एवढाच प्रश्न होता. मुंबईच्या विमानतळाचा मूळ प्रश्न त्याच्या सर्वांत शुद्ध स्वरूपात पाहावयाचा तर तो जुहूस पाहावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा, जुहूहून बराच मोठा, तळ उभा राहिला. युद्ध संपल्यावर हा तळ मुलकी खात्याकडे सोपविण्याचे काम १९४६ च्या सुमारास सुरू झाले. उतारूंसाठी स्वतंत्र इमारत नव्हतीच. हवाई दलाने मागे ठेवलेली दोन जुनी हँगरे साफसूफ करून घेण्यात आली. एक देशांतर्गत उतारूंस देण्यात आले व दुसरे परदेशी जाणाऱ्यांस. दोन्ही बाजूंना जकात व पारपत्र तपासणीची मेजे आणि मध्ये बसावयाची जागा, अशी त्यांची रचना होती. मुंबईचे पहिले टर्मिनल हे असे विमानांच्या गोठ्यात थाटलेले होते. प्रारंभी दिवसाकाठी सहा सेवा होत्या, तोवर ते चालून गेले. परंतु फाळणीने कराची पाकिस्तानात गेली आणि पश्चिमेकडून येणाऱ्या विमानांचे भारतातील पहिले मोठे ठाणे मुंबई ठरली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९४९ पर्यंत रोजच्या सेवा चाळीसच्या घरात पोचल्या. म्हणजे तीन वर्षांत वाहतूक सुमारे सातपटीने वाढली, आणि ही वाढ कोणत्याही नियोजकाने वर्तविलेली नव्हती. ती एका राजकीय घटनेतून उद्भवली होती. पुढील अंदाजांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

नव्या टर्मिनलचे काम १९५० मध्ये हाती घेण्यात आले व ते १९५८ मध्ये वापरात आले. या आठ वर्षांच्या अवधीत विमानच बदलून गेले. इमारत आखली गेली ती पंख्याच्या विमानांच्या काळात. ती उघडल्यानंतर दोनच वर्षांत, १९६० साली, एअर इंडियाची बोइंग ७०७ जातीची जेट विमाने सुरू झाली. जेटला धावपट्टी अधिक लांब लागते, उभे राहण्यास पटांगण अधिक लागते, आणि त्यातून एका वेळी शंभर-दीडशे माणसे उतरतात. इमारतीच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा होय. वर्षाकाठी किती उतारू येतात यावरून टर्मिनलची अडचण ठरत नाही. ती ठरते ऐन गर्दीच्या तासात किती जण एकदम दाराशी येतात यावरून. हा भेद आज कोणताही विद्यार्थी जाणतो. पण १९५० च्या आराखड्यात तो जाणवण्याइतकी मोठी विमानेच तेव्हा नव्हती, त्यामुळे त्या काळच्या अभियंत्यांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

१९६७ साली केंद्र सरकारने टाटा यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय विमानतळांविषयी एक समिती नेमली. मुंबईच्या संदर्भात तिचे म्हणणे असे होते की, सत्तरीच्या दशकातील वाहतुकीसाठी परदेशी उतारूंचे स्वतंत्र टर्मिनल बांधावे आणि सांताक्रूझची इमारत केवळ देशांतर्गत उतारूंकडे ठेवावी. शिवाय या कामासाठी स्वायत्त मंडळ असावे असाही विचार पुढे आला आणि त्यातून १९७२ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास हे चार विमानतळ त्याच्याकडे सोपविण्यात आले.

समितीचे निदान अचूक होते असेच म्हणावे लागेल. विलंब झाला तो उपचारात. १९७१ च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, मुंबईत दाखल झाले. एका विमानातून साडेतीनशेच्या आसपास माणसे. अशी दोन विमाने तासाभरात उतरली म्हणजे सांताक्रूझच्या तपासणीच्या रांगा इमारतीबाहेर जात. त्यातच १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, अरबी आखातातील राज्यांत बांधकामांस ऊत आला, आणि केरळ, कोकण, आंध्र अशा निरनिराळ्या भागांतील मजूर, गवंडी, सुतार, वाहनचालक मुंबईमार्गे आखातात जाऊ लागले. हा उतारू नवा होता. समितीसमोर जो परदेशी प्रवासी होता तो पर्यटक, व्यापारी किंवा अधिकारी असणार. आखाताचा उतारू सामान अधिक नेई, विमानतळावर फार अगोदर येई, आणि त्याला निरोप द्यावयास घरची पाच-दहा माणसे येत. टर्मिनलच्या दाराबाहेरील या माणसांचा हिशेब कोणत्याही आराखड्यात सहसा नसतो. तथापि इमारतीवरील ताण तेही वाढवितात. फाळणीप्रमाणेच हा लोंढाही वाहतुकीच्या आलेखाबाहेरून आला होता.

२१ सप्टेंबर १९७९ रोजी सांताक्रूझच्या टर्मिनलला आग लागली. तीन उतारू मृत्युमुखी पडले आणि इमारत बंद ठेवावी लागली. ऑक्टोबरमध्ये प्रस्थानासाठी तात्पुरती जोडइमारत उभारण्यात आली. तिला ‘गल्फ टर्मिनल’ म्हणत, आणि त्या नावातच त्या दशकाचा सारा इतिहास साठविलेला आहे. समितीने सुचविलेले नवे टर्मिनल सहार येथे १९८१ मध्ये उघडले, म्हणजे शिफारशीनंतर सुमारे बारा-तेरा वर्षांनी. सत्तरीच्या दशकासाठी योजलेली इमारत सत्तरीचे दशक संपल्यावर मिळाली. पुढे तिला टप्प्याटप्प्याने जोडइमारती लागल्या. त्यांतील अखेरची १९९९ सालची, आणि त्याच वर्षी विमानतळास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले.

येथपर्यंतचा वृत्तांत विलंबाचा आहे, आणि विलंबाची नेहमीची कारणे, म्हणजे निधी, खात्याखात्यांतील पत्रव्यवहार व निविदा, सर्वपरिचित आहेत. परंतु केवळ विलंब हेच मर्म असते तर १९८१ नंतर, निदान २०१४ नंतर तरी, प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाही, कारण सांताक्रूझ व सहार या दोन्ही इमारती एकाच जमिनीच्या दोन कडांना उभ्या आहेत आणि त्यांच्यामधील धावपट्ट्या युद्धकाळातील तळाच्या वारसदार आहेत. त्यांपैकी ज्या दोन आज वापरात आहेत त्या एकमेकींस छेदतात. हवाई दलाच्या दृष्टीने ही रचना सोयीची होती. वारा कोणत्याही दिशेने वाहिला तरी एखादी तरी पट्टी वापरता यावी, हा तिचा हेतू. एका वेळी एकच विमान उतरवावयाचे असे तोवर छेद आड येत नाही. परंतु मोठ्या मुलकी विमानतळास हवा असतो तो एका वेळी दोन विमाने हाताळण्याचा वाव, आणि त्यासाठी पट्ट्या समांतर व परस्परांपासून पुरेशा दूर असाव्या लागतात. छेदणाऱ्या दोन पट्ट्यांचे काम व्यवहारात जवळजवळ एकीइतकेच होते. त्या एकीवर ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, एका दिवसात, १,०३२ विमानांची ये-जा झाली. नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांच्या कौशल्याचे ते निदर्शक आहे यात शंका नाही. पण एवढे कौशल्य लागावे हेच त्या जमिनीच्या तोकडेपणाचेही निदर्शक आहे.

समांतर पट्टीसाठी जमीन का नाही, या प्रश्नाचे उत्तर विमानतळाच्या कुंपणावरून फेरी मारली तरी मिळते. दक्षिणेस कुर्ला, पूर्वेस साकीनाका, उत्तरेस मरोळ व अंधेरी. विमानतळाची जमीन सुमारे १,८५० एकर. त्यातील पावणेतीनशे ते तीनशे एकरांवर झोपडवस्ती असून तेथील कुटुंबांची संख्या ८० हजारांच्या आसपास सांगितली जाते. ही वस्ती विमानतळावर ‘आक्रमण’ करून बसली, असे सामान्यतः लिहिले जाते. कायद्याच्या भाषेत ते खरेही आहे. पण सहार व सांताक्रूझच्या इमारती बांधणारे, विमानांतील सामान वाहणारे आणि आवार झाडणारे मजूर रात्री झोपावयास कोठे जात होते, याचा विचार कोणत्या टर्मिनलच्या आराखड्यात झाला होता? या वस्तीच्या पुनर्वसनाचा २००७ मध्ये झालेला करार २०१३ मध्ये रद्द झाला आणि ती जमीन विस्ताराच्या हिशेबात कागदावरच राहिली.

मनुष्यवस्तीखेरीज एक नदीही या जमिनीची हकदार आहे. मिठी नदी विहार व पवईकडून माहीमच्या खाडीकडे वाहते. विमानतळाच्या वाढीसाठी तिचे पात्र वळविण्यात आले, आवळण्यात आले आणि धावपट्टीखालून नेण्यात आले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत जो पाऊस झाला त्याची नोंद, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, ही सांताक्रूझच्या वेधशाळेतीलच आहे. त्या दिवशी मिठीने आपले जुने पात्र शोधले. कुर्ला, कलिना, बैलबाजार पाण्याखाली गेले आणि विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद पडला. जुहूच्या चिखलापासून सुटका व्हावी म्हणून निवडलेल्या जागेस सुमारे साठ वर्षांनी पाण्यानेच गाठले.

या पूरघटनेनंतर वर्षाच्या आतच, २००६ मध्ये, मुंबई विमानतळाचे व्यवस्थापन खाजगी भागीदारीतील कंपनीकडे गेले आणि नव्या टर्मिनलच्या योजनेस वेग आला. आराखडा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचा. नियोजनाच्या अभ्यासकास या इमारतीत रस वाटावा तो तिच्या मोरपिसांच्या नक्षीमुळे नव्हे, तिच्या आकारामुळे. ती फुलीच्या आकाराची आहे. जुने सहार टर्मिनल चालू ठेवून, त्याच्याभोवती नवे बांधीत जावयाचे व शेवटी जुने पाडावयाचे, असे करण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण उतारूंस तात्पुरते अन्यत्र न्यावयास दुसरी जागाच नव्हती. फुलीचा आकार या अडचणीतून निघाला. मधला भाग जमिनीच्या सोयीने बसवावयाचा आणि चार भुजा जसजशी जागा मोकळी होईल तसतशा वाढवावयाच्या. देशी व परदेशी उतारू एकाच छताखाली वरखाली मजल्यांवर ठेवण्याची कल्पनाही त्याच टंचाईची. १९६७ च्या समितीने ज्यांना दोन इमारतींत विभागले होते, त्यांना पुन्हा एकत्र आणण्यात आले. अडचणीस आकार देण्याचे हे काम वास्तुकलेच्या दृष्टीने अव्वल दर्जाचे आहे.

उद्घाटन १० जानेवारी २०१४ रोजी झाले आणि १२ फेब्रुवारीपासून परदेशी विमानांचे उतारू तेथून जाऊ लागले. योजना वर्षाला ४ कोटी उतारूंची होती. २०१५-१६ मध्येच विमानतळाच्या एकूण उतारूंची संख्या ४ कोटींच्या पुढे गेली आणि २०२४-२५ मध्ये ती साडेपाच कोटींच्या आसपास पोचली. यातील पुष्कळ उतारू अर्थातच सांताक्रूझच्या जुन्या टर्मिनलमधून ये-जा करीत. म्हणजे जे बंद करावयाचे ते बंद होऊ शकले नाही. नव्या टर्मिनलमध्ये माणसांना जागा मिळाली, परंतु आकाशात विमानांना मिळाली नाही. गर्दीच्या वेळी मुंबईवर घिरट्या घालीत थांबणाऱ्या विमानातील उतारूस खालच्या इमारतीच्या भव्यतेचा उपयोग शून्य.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठवाड्यातच आहे. पाटोद्याच्या रहिवाशास जवळचा मोठा विमानतळ म्हणजे औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा. अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्पातून, जपानच्या कर्जसाहाय्याने, तेथे नवे टर्मिनल २००८-०९ मध्ये तयार झाले. तेथील इमारतीचे नियोजन पर्यटकांच्या अपेक्षित संख्येवरून झाले. इमारत वेळेवर आली, पण विमाने तेवढी आली नाहीत. पुढील अनेक वर्षे तेथील उड्डाणांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि विमान कंपन्यांच्या चढउताराबरोबर कधी तीही घटली. याच विमानतळावर २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उड्डाण करताना धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या मालमोटारीवर आदळले व विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मरण पावले. ज्या विमानतळाच्या धावपट्टीस टेकून कापसाची वाहतूक चालते तेथे पहिली गरज कोणती, हे त्या अपघाताने दाखविले होते. कर्जाच्या प्रस्तावात मात्र अग्रभागी असते ती पर्यटकांना दिसणारी इमारत. मुंबईत टर्मिनल मागणीच्या मागे राहिले, चिकलठाण्यास पुढे. दोन्ही ठिकाणी इमारतीचा अंदाज जमिनीपासून सुटा करून बांधलेला होता.

नवी मुंबईच्या विमानतळाने निदान क्रम तरी बदलला. तेथे टर्मिनलचा वाद जवळजवळ झालाच नाही. जो झाला तो सारा जमिनीचा. १९९७ च्या समितीचा कल अलिबागजवळच्या रेवस-मांडव्याकडे होता. २००० च्या सुमारास पनवेलनजीकची जागा पुढे आली. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली आणि पर्यावरण खात्याची संमती, खारफुटी व नद्यांविषयीच्या दीर्घ वादानंतर, नोव्हेंबर २०१० मध्ये. उलवे नदीचे पात्र वळवावे लागले आणि नव्वद मीटरांच्या आसपास उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवून तिच्याच दगडमातीचा भराव दलदलीत घालावा लागला. मिठीचा अनुभव ताजा असताना आणखी एक नदी विमानतळासाठी वळविली गेली, हे येथे नमूद केले पाहिजे. २०१८ च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झाले तेव्हा २०१९ च्या अखेरीचा मुहूर्त सांगण्यात आला होता. पहिली प्रवासी विमाने उडाली ती २५ डिसेंबर २०२५ रोजी.

या अवधीतील मोठा भाग भूसंपादनाने घेतला, आणि त्याची मुळे विमानतळाहून जुनी आहेत. सिडकोची स्थापना १९७० मधील. नव्या शहरासाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची भातशेती व मिठागरे अल्प मोबदल्यात गेली. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई व दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व १९९० साली मान्य झाले. विमानतळासाठी ते प्रमाण साडेबावीस टक्के करण्यात आले. विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे ही स्थानिकांची मागणी या इतिहासातूनच आलेली होती. सांताक्रूझला कोणत्याही टप्प्यावर जमीनधारकाशी अशी घासाघीस झाल्याचे दिसत नाही. जमीन युद्धकाळात ताब्यात आलेली होती आणि पुढचे सर्व आराखडे ती गृहीत धरून बसले. उलव्यास ती गृहीत धरता आली नाही, म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे लागली. परंतु त्यामुळेच तेथे सुमारे दीड किलोमीटर अंतराने दोन समांतर धावपट्ट्यांची आखणी होऊ शकली. त्यांतील एक पहिल्या टप्प्यात तयार झाली. टर्मिनलची पहिल्या टप्प्यातील क्षमता २ कोटी उतारूंची आहे. सर्व टप्पे पुरे झाल्यावर ती ९ कोटी होईल असा अंदाज आहे, आणि मुंबईच्या मागील चार अंदाजांचे काय झाले ते वर आलेच आहे.

सुमारे १,१६० हेक्टरांच्या या क्षेत्रासाठी दहा गावठाणे उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवलीवाडा ही त्यांतील काही. त्यांच्या रहिवाशांस वडघर व करंजाडे परिसरात भूखंड देण्यात आले. खाडीवर मासेमारी करणाऱ्या ज्या कुटुंबांच्या नावे सातबाऱ्यावर जमीनच नव्हती, त्यांना साडेबावीस टक्क्यांचे गणित लागू पडत नव्हते.